सातबाऱ्याशेजारी ठेवता येईल असं पत्र

पेण आणि रोह्यात जमीन पिढ्यान्‌पिढ्या तोंडी विकली गेली. तहसील कचेरीसमोरची चहाची टपरी, एसटी स्टँडचा कट्टा, कुणाची तरी पडवी, एवढ्या जागा त्याला पुरायच्या. “आधी जागा बघून घ्या, बाकीचं बसून बोलू,” या वाक्यावर कित्येक एकरांचे व्यवहार सुरू झाले आणि बरेचसे पारही पडले. एजंट गावचा, विकणारा गावचा, घेणारा लांबचा म्हणजे अलिबाग नाहीतर पनवेलचा. कोण कुणाचा जावई आणि कुणाची जमीन कुळात गेली, हे सगळ्यांना तोंडपाठ. अशा धंद्यात लिहायची वेळ येत नाही. कागद निघायचा तो साठेखताच्या वेळी, आणि तोही वकिलाच्या हातचा.

आता घेणारा बदलला आहे. तो डोंबिवलीला राहतो, कोथरूडला राहतो, दुबईत नाहीतर न्यू जर्सीत राहतो. पेण त्याला गणपतीच्या मूर्तींमुळे माहीत असतं, रोहा दिवा-रोहा गाडीमुळे, कोलाड राफ्टिंगमुळे. त्याला टपरीवर आणून बसवता येत नाही. रात्री जेवणं आटोपली की तो मोबाइलवर मेल उघडतो आणि त्यात त्याला ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘स्वप्नातलं घर’, ‘मोजकेच प्लॉट शिल्लक’ आणि ‘आजच बुक करा’ एवढंच सापडतं. गाव कुठलं, रस्ता कुठवर, पाणी कशाचं, सातबारा कुणाच्या नावावर, यातलं एक अक्षर नाही. तो मेल पुसून टाकतो. इकडे एजंट म्हणतो, मेलचा काही उपयोग नाही हो, लोक वाचतच नाहीत.

लोक वाचतात. जमीन घ्यायला निघालेला माणूस वर्तमानपत्रातली जाहीर नोटीससुद्धा दोनदा वाचतो. त्याला वाचण्याजोगं काही मिळालं पाहिजे, एवढीच अडचण आहे. घर-जमिनीच्या ग्राहकांना मेल कसे लिहावेत, यावरचं हे पुस्तक पेण-रोह्यातले एजंट आणि छोटे विकासक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. प्रस्तावना लिहायला मी तयार झालो तो एकाच कारणाने: लेखकाने मेलची गणती कागदपत्रांत केली आहे. मी या धंद्याच्या कागदांच्या बाजूचा माणूस. फेरफार, सर्च रिपोर्ट, साठेखतांचे मसुदे यांत माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे ग्राहकाला गेलेला कुठलाही मजकूर समोर आला की मी आधी एवढंच बघतो, की उद्या वाद झाला तर हा कुणाच्या बाजूने बोलेल.

या दोन तालुक्यांत लेखी शब्दाला धाकही आहे आणि मानही, आणि त्याला कारणं आहेत. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कुळं मालक झाली. ज्याचं नाव वहिवाटीला लागलेलं होतं त्याचं काम सोपं झालं, ज्याचं नव्हतं त्याच्या नातवंडांपर्यंत दावे चालले. महामुंबई सेझच्या वेळी, सप्टेंबर २००८ मध्ये, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांचं मत सरकारला घ्यावं लागलं. जमीन द्यायची की नाही, हे लोकांनी तेव्हा कागदावर सांगितलं. २०१० साली पेण अर्बन बँकेत ठेवी अडकल्या आणि छापील पावती हातात असूनही पैसे मिळत नाहीत, हा धडा घराघरांत पोचला. भूदानासाठी देशभर पायी हिंडलेले विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली जन्मले, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. जमीन मागणारा माणूस ज्या तालुक्याने दिला, तिथून आता जमीन विकणारे मेल सुटतात.

अशा मुलखातून निघालेला गुळगुळीत मेल फार काळ टिकत नाही. घेणारा कितीही तिऱ्हाईत असला तरी कुणी ना कुणी ओळखीचं काढतोच. वडखळला कुणाची तरी बहीण दिलेली असते, धाटावच्या कारखान्यात कुणाचा तरी मेव्हणा असतो. मेलमधलं विधान तीन फोनांत तपासून होतं.

घाऊक मेलची सवय मुळात दुसऱ्या धंद्यातून आली. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण एकाच वेळी धाडलं. जगातला पहिला स्पॅम म्हणून त्याची नोंद होते. लोक खवळले, संगणक मात्र खपले, असं थर्क नंतर सांगत. तेव्हापासून विक्रीवाल्यांच्या डोक्यात बसलं, की पुष्कळांना पाठवा, कुणीतरी लागेल. संगणकाचं ते ठीक आहे. सगळे संगणक सारखे असतात. पेण तालुक्यात मात्र एका बांधाच्या अलीकडची जागा आणि पलीकडची जागा यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं, आणि ते अंतर दहा हजार जणांना एकदम सांगता येत नाही. यादी विकत घेऊन मेल सोडणाऱ्यांबद्दल लेखकाने संयम राखला आहे. मी इतका राखला नसता. प्रदर्शनाच्या दारात भरून घेतलेले फॉर्म विकत घ्यायचे आणि त्या माणसांना नावानिशी गाठायचं, हे आता नुसतं अशिष्टपणाचं राहिलेलं नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि ज्याची माहिती त्याची संमती, हे त्यामागचं तत्त्व आहे. मेल कंपन्यांनी तर ते नियम निघण्याआधीच दार आवळलं. मोठ्या संख्येने पाठवलेल्या मेलवर हजारामागे तिघांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं, तर पुढचे मेल पोचणंच मुश्कील, असा नियम गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून लावला आहे.

आता रेरा. २०१६ चा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम जाहिरातीची व्याख्या करताना माध्यम बघत नाही. नोटीस, परिपत्रक, कुठल्याही स्वरूपातली प्रसिद्धी, सगळं त्यात येतं. म्हणजे मेलही आलाच. प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी झाल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही. नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळक द्यावा लागतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे. पाचशे चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. दोन एकरांत प्लॉट पाडून “आमचं छोटं काम आहे, रेरा लागत नाही” असं लिहिणाऱ्याने हा हिशेब स्वतःच करावा. आणि दुसऱ्याचा नोंदणीकृत प्रकल्प विकून देणाऱ्या एजंटालाही स्वतःची वेगळी नोंदणी लागते. प्रकल्पाचा क्रमांक ‘पी’ने सुरू होतो, एजंटाचा ‘ए’ने, मेलमध्ये कुठला कुणाचा ते स्पष्ट लिहावं.

याच कायद्याचं बारावं कलम मेल लिहिणाऱ्याने टेबलासमोर चिकटवून ठेवावं. जाहिरातीतल्या चुकीच्या विधानावर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर भरपाई द्यावी लागते. त्याला व्यवहारातून बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासह परत. ‘२४ तास पाणी’ हे तीन शब्द टाइप करायला दोन सेकंद लागतात. मे महिन्यात टँकर आला की तोच मेल प्रिंट काढून फाइलला लागतो. टपरीवर बोललेलं हवेत विरायचं. मेलवर तारीख असते, वेळ असते आणि पाठवणाऱ्याचं नाव असतं.

मग लिहायचं तरी काय? पुस्तकाच्या मधल्या प्रकरणांत नमुने भरपूर आहेत, ते इथे देत नाही. पण मला ज्या प्रकारचा मेल अभिप्रेत आहे त्याचा एक कल्पित मासला माझ्या शब्दांत देतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. विषयाच्या ओळीत: ‘कोलाडजवळ ६ गुंठे बिनशेती प्लॉट, मालकाकडून’. आणि आत:

“नमस्कार. मार्चमध्ये तुम्ही कोलाडच्या बाजूला पाच ते सात गुंठ्यांची जागा विचारली होतीत. तशी एक आली आहे. क्षेत्र ६ गुंठे. बिनशेती आदेश झालेला आहे, प्रत सोबत जोडली आहे. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत आणि तिघंही सही करायला तयार आहेत. डांबरी रस्ता प्लॉटच्या अलीकडे दोनशे मीटरवर संपतो, पुढे मातीचा आहे. पावसाळ्यात चारचाकी तिथेच ठेवून चालत यावं लागतं. जागेत बोअर नाही. शेजारच्यांची आहे, ती मे महिन्यात चालू होती, हवं तर त्यांच्याशी बोलून घ्या. मोजणी जुनी आहे, नव्याने करून घ्यावी असं माझं मत आहे. शनिवारी सकाळी मी तिथे आहे. येणार असाल तर एक ओळ लिहा.”

यात भुलवणारं विशेषण एकही नाही. नदीचं नाव नाही, डोंगराचं नाही. तरी हा मेल मिळालेला माणूस उत्तर देईल, आणि तो उत्तर देईल ते “चारचाकी तिथेच ठेवून चालत यावं लागतं” या वाक्यामुळे. विकणारा आपण होऊन खोट सांगतोय म्हटल्यावर बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. शिवाय ज्याला तेवढंही चालणार नाही तो माणूस शनिवारी येणारच नाही. त्याचा दिवस वाचतो आणि एजंटाचं पेट्रोल. लेखकाने याला ‘गाळणी’ म्हटलं आहे. मला तो शब्द फारसा आवडला नाही, पण मुद्दा खरा आहे.

हे शिकायला लांब जायला नको. पेणच्या गणपतीच्या कारखानदारांना लेखी विक्री कधीपासून येते. हमरापूर, जोहे, तांबडशेतच्या बाजूच्या कारखान्यांतून परदेशी जाणाऱ्या मूर्ती गणेशोत्सवाच्या कित्येक महिने आधी निघतात, कारण त्या जहाजाने जातात. तिकडच्या मंडळाला कारखानदार काय कळवतो? उंची किती, शाडूची की पीओपीची, आखणी कशी, पेटीचं माप, माल निघणार कधी. मूर्तीच्या चेहऱ्यावरचं तेज तो लिहीत बसत नाही, फोटो पाठवतो. मूर्ती फुटली तर काय, हेही आधीच ठरलेलं असतं. त्याच रस्त्यावर ऑफिस थाटलेला प्लॉटवाला मात्र ‘स्वर्गीय अनुभव’ लिहितो.

अंतराबद्दल लिहिताना सगळ्यात जास्त थापा मारल्या जातात. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्‌घाटन झालं आणि सगळा उत्तर रायगड मेलमधून मुंबईच्या कुशीत आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्‌घाटन झालं, डिसेंबरात विमानं उडायला लागली, आणि रोह्याचा प्लॉटही ‘विमानतळालगत’ झाला. तेच ‘तिसऱ्या मुंबई’चं. त्या नव्या शहरासाठी एमएमआरडीएच्या ताब्यात दिलेली १२४ गावं उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली आहेत. रोहा तालुक्याचा त्यात संबंध नाही, आणि पेणमधलंही सगळं येत नाही. गावाचं नाव यादीत आहे का, एवढं बघून मगच लिहावं. मिनिटांत अंतर लिहायचं असेल तर कुठून, कुठल्या वारी, कुठल्या वेळी, हेही लिहावं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं आणि पुढची दहा-बारा वर्षं लोकांनी त्याच रस्त्यावर काढली. वडखळच्या फाट्यावर रविवारी संध्याकाळी अडकलेल्या माणसाला ‘फक्त ९० मिनिटांत’ वाचून हसू येतं. “शनिवारी सकाळी सातला वाशीहून निघालात तर” अशी सुरुवात करून बघा, वाचणारा पुढचं वाचेल.

जागेच्या जातीबद्दल पुस्तकात एक प्रकरण आहे आणि ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं. मुंबईच्या ग्राहकाला ‘जमीन’ एवढंच कळतं. इकडे वरकस वेगळी, भाताची खाचरं वेगळी, खारेपाटातली खार वेगळी. शेतजमीन असेल तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीवाचून घेता येत नाही. मग बँकेत नोकरी करणाऱ्या आणि घराण्यात कधी सातबारा नसलेल्या माणसाला ‘शेतजमीन विकणे आहे’ असा मेल धाडून उपयोग काय? भोगवटादार वर्ग दोन असेल, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत असेल, तर ते पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला घेण्यावर महसूल कायद्याच्या ३६-अ कलमाचं बंधन आहे, आणि पेण-रोह्याच्या डोंगरपट्ट्यात ठाकर-कातकरी वाड्या आहेत, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी नाही. शेतजमिनीत गुंठे-गुंठे पाडून विकणाऱ्यांच्या आड १९४७ चा तुकडेबंदी कायदा येतो. तो अलीकडे सैल होत आला आहे, पण कुठे आणि किती, हे प्रत्येक गटाला वेगळं तपासावं लागतं. खाडीकाठच्या जागेला सीआरझेड आणि कांदळवनाचे निर्बंध. हे सगळं मेलमध्ये लिहावं असं कुणी म्हणत नाही. आपल्या जागेला यातलं जे लागू आहे ते एका वाक्यात लिहावं, आणि जे तपासलेलं नाही ते ‘तपासलेलं नाही’ असं लिहावं.

दुसरी गोष्ट नावांची. रोह्याच्या कुठल्याही जुन्या गावातला सातबारा काढा. आजोबा गेले, फेरफार उशिरा झाला, मग चार मुलगे, त्यांतले दोघे गेले, त्यांची मुलं, शिवाय लग्न होऊन गेलेल्या आत्या. गावात राहणारा एक चुलता एजंटाकडे येतो आणि म्हणतो, माझ्या शब्दाबाहेर कुणी नाही. असेलही. पण वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला, आणि त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. आत्याबाईंची सही लागते. म्हणून ‘क्लिअर टायटल’ हा शब्द मेलमधून काढून टाका, असा लेखकाचा सल्ला आहे, आणि मी त्याला दोन्ही हातांनी दुजोरा देतो. त्याऐवजी लिहा: सातबाऱ्यावर नावं इतकी, त्यांपैकी इतक्यांशी आमचं बोलणं झालं आहे, सर्च रिपोर्ट इतक्या वर्षांचा आहे किंवा अजून काढलेला नाही. मुंबईतला ग्राहक फसतो तो बहुतेक ‘क्लिअर टायटल’ या दोन शब्दांच्या आडोशाला.

परदेशातल्या मराठी माणसाला पाठवायच्या मेलबद्दलही बरंच लिहिता येईल, पण एकच सांगतो. अनिवासी भारतीयाला इथे फ्लॅट घेता येतो, बंगला घेता येतो. शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस मात्र परकीय चलन कायद्याखाली विकत घेता येत नाही. वारसाने आलं तर गोष्ट निराळी. असं असूनही ‘एनआरआय मित्रांसाठी खास फार्महाउस प्लॉट’ हे मेल दर दिवाळीत सुटतात. ज्याला घेताच येत नाही त्याला विकायला निघणं, याला काय म्हणावं?

ऋतूचंही बघायला हवं. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या दिवसांना प्रत्येक जण मेल पाठवतो, पितृपक्षात कुणी पाठवत नाही. हे सगळ्यांना कळतं. पण माझ्या मते या दोन तालुक्यांतला साइट व्हिजिटचा खरा मोसम आषाढ आहे. मार्चमध्ये सगळ्या जागा कोरड्या, सपाट आणि सारख्या दिसतात. जुलैत पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठून जातं ते दिसतं. उधाणाच्या भरतीला बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, फुटला की खारेपाटातल्या खाचरांत खारं पाणी शिरतं. कुंडलिका नदी चढली की तिच्या काठची जागा किती वर आहे ते डोळ्यांनीच कळतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा कुठल्या वाडीत वीज किती दिवस नव्हती, हे गावकरी अजून सांगतात आणि ग्राहक ते विचारतोच. “भर पावसात येऊन बघा” असा मेल पाठवायची ज्या एजंटाची छाती आहे, त्याची जागा बहुधा चांगलीच असते. ज्याची नाही, तो नोव्हेंबरपर्यंत थांबतो.

तांत्रिक प्रकरण कंटाळवाणं वाटेल, तरी गाळू नका. पेणच्या छापखान्यात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्रक उचलून मेलमध्ये चिकटवलं की समोरच्याला नुसती चिन्हांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. पण युनिकोडमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजी अक्षर एकच. जीमेल १०२ किलोबाइटच्या पुढचा मेल कापून ठेवतं. त्यात रंगीत टेम्प्लेटचा भार असला की मराठी मेल लवकर कापला जातो, आणि कापला जाणारा भाग कुठला? तळाचा. महारेरा क्रमांक आणि ‘यापुढे मेल नकोत’ची लिंक आपण नेमकी तळाशी ठेवतो! क्रमांक वर घ्या. अख्खं पत्रक एकच चित्र करून पाठवू नका. चित्र उतरलं नाही तर मेल कोरा दिसतो. आणि किती जणांनी मेल उघडला हे आकडे दाखवून विकासकाला खूश करणाऱ्या मार्केटिंगवाल्यांपासून सांभाळा. २०२१ मध्ये ॲपलने केलेल्या बदलानंतर माणसाने न उघडलेला मेलही उघडल्यासारखा मोजला जाऊ शकतो. उत्तरं किती आली ते मोजा.

“आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं,” हा आक्षेप येणारच. चालू द्या. फोटो आणि लोकेशन तिथेच बरं. पण फॉरवर्ड झालेल्या संदेशाला मालक राहत नाही, आणि गाडीतून पाठवलेला आवाजी निरोप नवरा-बायको शेजारी बसून वाचू शकत नाहीत. जागा घ्यायचा निर्णय घरात चार माणसं मिळून घेतात. त्यांच्यापुढे ठेवायला कागद लागतो.

त्या कागदाची खरी जागा पहिल्या मेलमध्ये नाहीच, ती साइट व्हिजिटनंतरच्या मेलमध्ये आहे. पुस्तकात या दुसऱ्या मेलला चार पानं दिली आहेत. मी चाळीस दिली असती. लोक जागा बघून घरी जातात आणि रविवारी रात्री त्यांना शंका फुटतात. एजंट सोमवारी फोन करतो: “मग काय ठरलं साहेब?” उत्तर येतं, बघतो, कळवतो. त्याऐवजी रविवारी रात्रीच असा मेल जावा: “काल वहिनींनी विचारलं होतं, की विजेचा खांब कुणाच्या हद्दीत आहे. शेजारच्या हद्दीत आहे, तुमच्या कुंपणाच्या बाहेर. तुम्ही वहिवाटीच्या रस्त्याचं विचारलंत. तो गावनकाशावर आहे, असं मी काल छातीठोक सांगितलं, पण नकाशा पाहिलेला नव्हता. मंगळवारी भूमी अभिलेखमधून नक्कल घेऊन पाठवतो.” आणि मंगळवारी ती नक्कल खरोखर जायला हवी. हा मेल लिहायला कसब लागत नाही. साइटवर खिशात वही असावी लागते, आणि वहिनींनी विचारलेलं ऐकू यावं लागतं. जागा बघायला येणाऱ्या जोडप्यात नेमके प्रश्न बहुधा बाईच विचारते आणि एजंट उत्तर नवऱ्याकडे बघून देतो, हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की ‘प्रिय सर’ने सुरू होणारा मेल दिसला की पुढचं काय होणार ते सांगू शकतो.

शेवटी लेखकाशी माझा एक मतभेद आहे, तो नोंदवून ठेवतो. पहिल्या मेलमध्ये किंमत लिहू नये, असं त्याचं म्हणणं. किंमत वाचून माणूस पळतो, आधी जागा दिसू दे. शिवाय पेण-रोह्यात भाव ठरतो तो समोरासमोर, विकणाराही शेवटपर्यंत आकडा बदलत असतो, आणि लिहिलेल्या आकड्याला एजंट बांधला जातो. हे सगळं खरं आहे. तरी माझं मत उलटं आहे. ठाण्यातला माणूस शनिवार मोडून, बायका-मुलांना घेऊन, वडखळची गर्दी काढत येतो आणि जागेवर उभा राहिल्यावर त्याला आकडा कळतो, तेव्हा तो पुढच्या वेळी तुमचा मेल उघडत नाही. माझ्या वरच्या मासल्यात किंमत नाही, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल. लेखकाचा मान राखून ती जागा मोकळी ठेवली आहे. खऱ्या मेलमध्ये मी तिथे “मालकांची मागणी गुंठ्याला इतकी, थोडं बोलता येईल” असं लिहिलं असतं. पुढच्या आवृत्तीत लेखकाने दोन्ही नमुने शेजारी शेजारी छापावेत, आणि ज्यांना जास्त उत्तरं आली त्या एजंटांनी कुठल्या नमुन्याला आली ते त्याला कळवावं. लेखी.